नव्वद मिनिटांचा आरोपी

शनिवार उजाडला की विंचूरमधल्या फुटबॉलप्रेमी गृहस्थावर घरात एकच आरोप ठेवला जातो: हा माणूस घरात असून नसल्यासारखा. आरोपीचा संघ बहुधा मँचेस्टर युनायटेड, म्हणजे २०१३ नंतर लीग न जिंकता आलेला. शिक्षा त्याला आधीच सुरू आहे. तरी आरोपाची शहानिशा व्हायला हवी. पहिला पुरावा घड्याळाचा. हिवाळ्यात प्रीमियर लीगचे शनिवारचे सामने आपल्याकडे साधारण संध्याकाळी सहाला, रात्री साडेआठला आणि अकराला सुरू होतात. सहाला पोराला शिकवणीहून आणायचं असतं. साडेआठला आईची मालिका आणि जेवणाची ताटं एकदमच येतात. अकराला घर झोपलेलं असतं, म्हणून गोल झाल्यावर ओरडायचं ते उशीत तोंड खुपसून. त्यातच लाइट जाते, मोबाइलवर ते गोल चक्र फिरत राहतं आणि गोल आपल्याला दिसण्याआधी त्याबद्दलचा मित्राचा मेसेज येऊन पडतो. याला चैन म्हणायचं असेल, तर रेशनच्या रांगेलाही सहल म्हणावं लागेल.

मुख्य मुद्दा वेळेचा. फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा. मध्यंतर धरून दोन तासांत माणूस मोकळा. कोणी म्हणेल, भरपाईचा वेळ कुठे गेला? तोही मान्य. २०२२ च्या विश्वचषकात इंग्लंड-इराण सामन्याच्या पूर्वार्धातच चौदा मिनिटं वाढवून दिली होती. पण आपल्याकडे १२ वाजून ३५ मिनिटांच्या मुहूर्ताला अक्षता दीड वाजता पडतात, आणि त्या पंचावन्न मिनिटांना भरपाईचा वेळ म्हणायची कोणाची हिंमत नाही. आयपीएल दोन महिने रोज संध्याकाळ खाते, तरी ते घरगुती मनोरंजन ठरतं. मग व्यसन म्हणून बोट दाखवायचं ते फक्त दोन तासांच्या खेळाकडे? दुसरा आक्षेप असा, की संघ हरला की हा घरात सुतक पाळतो. पाळतो खरा. पण विंचूरसारख्या कांद्याच्या गावात पडेल चेहऱ्याचं खापर एकट्या फुटबॉलवर कसं फोडणार? डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली, ती मार्चअखेर उठणार असं सांगितलं गेलं आणि उठली मे महिन्यात. तिकडे व्हीएआरवाले, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणारे रेफरी झालेला गोल दोन-चार मिनिटांत रद्द करून मोकळे होतात. ज्या गावानं पाच महिने निकालाची वाट पाहिली, त्याला हा खेळ त्यातल्या त्यात न्यायी वाटला तर नवल नाही.

एवढ्यावर आरोपी सुटला असता. पण एक पुरावा त्याच्या विरोधात जातो आणि तो थेट इंग्लंडहून येतो. तिथे शनिवारी दुपारी तीनचे सामने टीव्हीवर थेट दाखवायला मनाई आहे. १९६०च्या दशकापासूनचा हा नियम, आणि कारण साधं: लोकांनी सोफा सोडून आपापल्या गावातल्या छोट्या क्लबच्या मैदानावर जावं. म्हणजे रात्री साडेआठला जो सामना विंचूरचा माणूस ताट मांडीवर घेऊन बघतो, तो मँचेस्टरच्या माणसाला घरच्या टीव्हीवर बघता येत नाही. त्यांनी मैदान राखलं, आपण सोफा राखला. घरच्यांची तक्रारही नेमकी इथेच आहे, फक्त ती वेळेच्या नावावर नोंदवली जाते. बाप दोन तास बाहेर असला तर घर कुरकुरत नाही. बाजार समितीत दिवस गेला तरी कोणी हिशेब मागत नाही. तो बैठकीत बसून मनानं इंग्लंडला जातो आणि सोबत कोणालाच नेत नाही, हे खुपतं.

कोल्हापुरात हा प्रश्न वेगळ्या वाटेनं सुटला. तिथे पाटाकडील, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ ही नावं पेठांची आणि तालमींची. शाहू स्टेडियममध्ये गल्लीच्या गल्ल्या सामन्याला लोटतात. हुल्लडबाजी तिथेही होते, पण निदान ती आपल्या माणसांसाठी होते. विंचूरला हे कसं जमणार, असं विचारणाऱ्यांना उत्तर सोपं आहे: पिढ्यानपिढ्या कांदा पिकवणाऱ्या या गावानं वाइन पार्क पचवलं, तिथे एक फुटबॉल काय जड आहे? सरकारचा अनुभव मात्र वेगळा सांगतो. १५ सप्टेंबर २०१७ रोजी दहा लाख मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळवायचा संकल्प राज्यानं सोडला. दिवस पार पडला, फोटो निघाले, सोळा तारखेचं काय ते कोणी ठरवलं नव्हतं. तेव्हा सोळा तारखेचं काम ग्रामसभेनंच हाती घ्यावं. दर रविवारी दुपारी साडेचार ते सहा विंचुरात फुटबॉलची प्रत्येक स्क्रीन बंद, आणि प्रत्येक फुटबॉलप्रेमी पोराबाळांसह शाळेच्या मैदानावर हजर. त्या वेळेत इंग्लंडचा सामना क्वचितच असतो, म्हणून त्याला हरकत घ्यायलाही जागा उरणार नाही. दहा वर्षं सोफ्यावरून प्रशिक्षकाला शिव्या घालणाऱ्या बापाला एकदा गोलपोस्टमध्ये उभं करावं. दहा मिनिटांत सहा गोल खाल्ले, की घरातल्या निम्म्या तक्रारी आपोआप मागे घेतल्या जातील आणि उरलेल्या निम्म्या मँचेस्टरच्या गोलरक्षकाबद्दलच्या असल्यानं त्याही बंद पडतील.