तुमचं पोरगं कुठलं?

कामानिमित्त परगावी गेलेल्या माणसानं संध्याकाळी काय करावं, याचा ठराव आपल्याकडे कधीच मंजूर झालेला आहे. कोल्हापुरात असाल तर अंबाबाईचं दर्शन, मग तांबडा-पांढरा, मग घरच्यांच्या मापाच्या चपला आणि शेवटी लॉजवर येऊन ‘जेवलो’ असा फोन. हे सगळं एकट्यानं केलं तरी कुणी हटकत नाही. पण ऑफिसचं काम लवकर आटोपलं म्हणून भर पावसाळ्यात पेठेतल्या एखाद्या मैदानाच्या कडेला चौदा वर्षांखालच्या पोरांचा शालेय फुटबॉल सामना बघत उभे राहिलात, तर तुम्ही संशयित.

मी उभा राहिलो. लगेच शेजारच्या काकांनी छत्री तिरकी केली.

“तुमचं पोरगं कुठलं?”

“माझं कुठलंच नाही.”

“पुतण्या? भाचा?”

“नाही हो. कामासाठी आलोय गावात. बघतोय आपला.”

“ते दिसतंयच की. पर कुणाला बघताय?”

दोन्ही संघांना, म्हटल्यावर काका दोन पावलं मागं सरकले. चार जणांत कुजबूज झाली. ‘क्रीडा खात्याचा असंल’, ‘वय तपासाय आला असंल’ अशी वाक्यं कानावर आली, आणि थोड्याच वेळात मिसरूड फुटलेल्या एका बचावपटूला त्याच्या सरांनी एकाएकी बाहेर बोलावलं. तो लंगडत बाहेर आला आणि रेघ ओलांडल्यावर व्यवस्थित चालू लागला. भारतीय फुटबॉलच्या शुद्धीकरणाला माझ्याकडून एवढा हातभार लागला, तोही फुकट उभं राहून.

कोल्हापूरकरांचं तसं चुकत नाही. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, पेठापेठांत तालमी घुमल्या, आणि पुढं त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही इथं नुसत्या संघांची नावं नाहीत, पत्ते आहेत. शाहू स्टेडियमवर या संघांची गाठ पडली की अर्धं गाव एका बाजूला, अर्धं दुसऱ्या बाजूला, आणि बंदोबस्ताचे पोलीस मध्ये. विश्वचषक कतारमध्ये असला तरी ब्राझील आणि अर्जेंटिना यांची सीमा इथल्या गल्लीतून जाते. अशा गावात ‘मी कुणाचाच नाही’ म्हणणं म्हणजे आधारकार्ड नसल्याची कबुली. तरीही आमच्या पुण्यापेक्षा हे बरं. आम्ही मध्यरात्री जागून माद्रिदच्या संघासाठी रडतो आणि सोसायटीमागच्या मैदानावर खेळणाऱ्या पोरांचा आवाज होतो म्हणून सकाळी तक्रार करतो.

कडेला उभे असलेले बाकीचे सगळे पालक. त्यांचे डोळे चेंडूवर असले तरी हिशेब लांबचा चाललेला. जिल्हा, मग विभाग, मग राज्य. दहावीला खेळाडूचे सवलतीचे गुण. पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण. पोरगं कॉर्नर मारायला निघालं की बापाच्या डोळ्यांसमोर थेट फौजदाराची वर्दी. कोल्हापूरच्याच अनिकेत जाधवचं नाव तेवढ्यात तीनदा निघालं. २०१७ साली सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला, त्यात तो देशाकडून खेळला. आपण तिन्ही सामने हरलो, हे मात्र कुणी काढलं नाही. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला राज्यात एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा, असा सरकारी उपक्रम झाला होता. मंत्र्यांनीही चेंडूला पाय लावला, फोटो निघाले. त्या दिवसाचं सगळ्यांना आठवतं. १६ सप्टेंबरला किती मुलं खेळली, ते विचारायचं नसतं.

इंग्लंडमध्ये २०२३ साली तिथल्या फुटबॉल संघटनेनं मुलांच्या सामन्यांसाठी एक शनिवार-रविवार ठरवून दिला होता. मोठ्यांनी टाळ्या वाजवायच्या, तोंड उघडायचं नाही. हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, “मग पोरांला कळायचं कसं, कुठं मारायचं ते?” तेवढ्यात त्यांच्या पोराला चेंडू मिळाला आणि त्याला एकाच वेळी ‘मार’, ‘थांब’, ‘पास दे’, ‘एकटाच जा’ आणि ‘आईनं सांगितलंय बूट भिजवू नको’ असे पाच आदेश मिळाले. पोरगं शहाणं, त्यानं चेंडू बाहेर घालवला.

बाकी वेळ गप्पा पंचगंगेच्या. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, आणि राजाराम बंधाऱ्यावर आत्ता किती, हे मैदानावरच्या लहान पोरांनाही तोंडपाठ. सामन्यात गोल किती झाले यावर मात्र एकमत नव्हतं, कारण उत्तरार्धात भानगड झाली. एक फटका गोलरक्षकाच्या हाताला लागून गोलात शिरला की शिरता शिरता चिखलात रुतला. चेंडू पूर्णच्या पूर्ण रेषेपार जायला हवा, हा नियम सगळ्यांना ठाऊक. पण सकाळी मारलेली फक्की दुपारच्या पावसात वाहून गेलेली. रेषाच नाही, तर पार जाणार कशाच्या? पंचांनी गोल नाही म्हणून हात हलवला आणि खेळ पुढं सुरू केला. पोरं खेळायला लागली. मोठ्यांचं कोर्ट मात्र कडेला भरलं.

दोन्ही पक्षांचे साक्षीदार अर्थातच फुटलेले नव्हते. मग काकांना माझी आठवण झाली. “ह्या पाव्हण्यांस्नी इचारा. ह्यांचं कुणीच न्हाई. खरं बोलतील.”

इतका वेळ जो माझा गुन्हा होता, तीच आता पात्रता झाली. मला मध्ये घेतलं, चहा दिला, भडंगाची पुडी पुढं केली. मी म्हटलं, मी गोलखांबाच्या जवळ होतो, गोल झाला होता.

ज्यांच्या विरुद्ध निकाल गेला त्यांनी चहाचा कप काढून घेतला नाही, एवढा मोठेपणा दाखवला. पण उलटतपासणी सुरू झाली. गाव कुठलं? पुणे. मूळ कुठलं? सासर? आडनावाचे कुणी इकडं? काहीच सापडेना. मग मागून एकानं विचारलं, “उतरलाय कुठं?”

मी लॉजचं नाव सांगितलं.

“मंगळवार पेठेतलं न्हवं ते? बघा! आधीच म्हटलं हुतं, त्यांच्या पेठेचा माणूस हाय!”