हसत केलेली सही

गेल्या महिन्यात तीन कादंबऱ्या वाचल्या आणि तिन्ही आवडल्या. आमच्या गावात, चऱ्होलीत, हे चारचौघांत सांगायची सोय नाही. इथं आवडीनं वाचावा असा मजकूर एकच, सातबारा. त्यात पात्रं आहेत, वारसनोंदीत भावकी आहे आणि फेरफार होईपर्यंत कुणाला झोप नाही.

पहिली माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, 1955 सालची. माणदेशातली मेंढपाळांची वाडी, पोरसवदा मास्तर, गावानं उभी केलेली तालीम, आणि शेवटी सगळ्यांना उठवणारा दुष्काळ. दुसरी विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’, धरणग्रस्तांची. तिसरी कृष्णात खोतांची ‘रिंगाण’, 2023च्या साहित्य अकादमी पुरस्काराची. तिथंही धरणच, माणसं उठली, म्हैस मागं राहिली.

एवढं वाचून आमच्या गावचा माणूस विचारील, जमीन सोडताना ही मंडळी रडतात कशाला? चऱ्होली 1997 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेली आणि एकरांतली रानं गुंठ्यांत मोजली जाऊ लागली. ना दुष्काळ पडला, ना धरण आलं; नुसता भाव आला. पेढे वाटले, हार घातले, खरेदीखत झालं. दुष्काळानं उठलेला माणूस पाऊस झाला की परतायची आशा तरी धरतो. भावानं उठलेल्यानं कुठल्या नक्षत्राची वाट बघायची? रडणारा शेतकरी मराठी कादंबरीनं जीव ओतून लिहिला. हसत सही करणारा, आणि पुढं आपल्याच रानातल्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनच्या वहीत नाव लिहून आत जाणारा, मला अजून कुठं वाचायला मिळालेला नाही.

ती उणीव बिल्डरांच्या माहितीपत्रकांनी भरून काढली. त्यांत इंद्रायणी निळीशार वाहते. पुलावरून बघाल तर फेस. आळंदी पाच मिनिटांवर असते. कार्तिकी सोडून, एवढं लिहायचं राहून जातं. आणि तळाशी मुंगीच्या अक्षरांत ‘चित्रे काल्पनिक’. इतका प्रामाणिक कथाकार मराठीत दुसरा नाही, आणि त्याच्या शब्दाखातर वाचक वीस-वीस वर्षांचं कर्ज काढतो.

याच नदीच्या वरच्या अंगाला, देहूत, तुकोबांनी आपल्या वाटणीची सावकारीची खतं डोहात सोडली, असं परंपरा सांगते. गाथा बुडवली गेली, ती तरली. आम्ही कर्जाची कागदं लॉकरात जपतो आणि पुस्तकं रद्दीत घालतो, कारण फ्लॅटच्या नकाशात टीव्हीची भिंत आधीच ठरलेली असते.

चऱ्होलीची कादंबरी कुणीतरी लिहावीच. फक्त त्यात खलनायक शोधत बसू नये. कागदावर सह्या सगळ्यांच्याच आहेत.