सत्तावीस फूट मागे

कॅमेरा घेतला असं सांगितलं की लोक "कुठला?" म्हणून विचारतील, अशी माझी समजूत होती. तसं फोनबद्दल विचारतात. कॅमेऱ्याबद्दलचा पहिला प्रश्न असतो, "लेन्स कुठली?" आणि आपण "सोबत आली तीच" म्हटलं की समोरचा माणूस आवाज खाली आणून, फार मायेनं म्हणतो, "असू दे, असू दे. सुरुवातीला चालते."

माझा कॅमेरा कॅननचा आर५०. वजनाला हलका, किमतीला नाही. सोबत आलेली लेन्स १८-४५ एमएम, एफ ४.५ ते ६.३. हिला किट लेन्स म्हणतात आणि तिचं स्थान घरजावयाचं असतं. पडेल ते काम करतो, पण चारचौघांत ओळख करून द्यायची वेळ आली की सगळे विषय बदलतात. माझी तिच्याबद्दल काही तक्रार नव्हती. झाडाचा फोटो काढला तर झाड येत होतं. पण भाचीच्या डोहाळजेवणाचे फोटो मी काढीन, असं मी नणंदेला कबूल केलं आणि नणंदेनं ते कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. तिथून पुढे लेन्स हा माझा खासगी प्रश्न राहिला नाही.

पहिला फोन भावजींचा. भावजींकडे १५०-६०० ची टेलीलेन्स आहे. दोन किलोच्या आसपास वजनाची ही वस्तू ते दोन्ही हातांनी उचलतात आणि दुसऱ्या कोणाच्या हातात देत नाहीत. थंडी पडली की उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात, आणि भावजी मध्यरात्री उठून भिगवणची वाट धरतात. उजाडायच्या आत कुंभारगावच्या होडीत बसलेले असतात. घरच्या माणसांचे फोटो ते का काढत नाहीत, असं मी एकदा जाऊबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "घरची माणसं तेवढी लांब जाऊन बसत नाहीत ना."

"वहिनी, पहिली लेन्स टेलीच घ्या," भावजी म्हणाले. "नंतर घेणं होत नाही."

"पण भावजी, डोहाळजेवण आहे."

"अहो, डोहाळजेवण एक दिवसाचं. पक्षी दर वर्षी येतात."

यावर काय बोलणार? वंशवृद्धीचा मुद्दा दोन्हीकडे सारखाच होता.

दुसरा मामेभाऊ. हा कडक सोवळ्यातला. त्याच्या मते झूम लेन्स हे आळशी लोकांचं काम. खऱ्या माणसानं प्राइम घ्यावी, म्हणजे एकाच फोकल लेंग्थची, आणि झूम पायांनी करावा. जवळ हवं तर पुढे जा, जास्त मावायला हवं तर मागे ये. "आँरी कार्तिए-ब्रेसाँ," तो म्हणाला आणि थोडा थांबला. असं नाव घेतल्यावर थांबायचं असतं. "लायकावर पन्नासची लेन्स. आयुष्यभर. बस्स."

मीही तोवर थोडं वाचलं होतं. म्हटलं, "अरे, ब्रेसाँच्या फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद. माझा सेन्सर २२.३. त्याला पन्नासमधून जेवढं दिसायचं, तेवढं दिसायला मला ३१ ची लेन्स लागेल. आणि मी पन्नास लावली तर ती त्याच्या हिशेबानं ८० होते. त्याला ८० देऊन कोणी डोहाळजेवणाला पाठवलं असतं का?"

"आकड्यांनी फोटो निघत नाहीत," मामेभाऊ म्हणाला. आकडे अंगावर आले की कलावंत हेच म्हणतात.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने तर त्याच्या जुन्या डीएसएलआरची लेन्स फुकट देऊ केली. फुकट म्हटल्यावर मी हुरळले. मग कळलं की जुन्या कॅमेऱ्यांत सेन्सरपुढे आरसा असायचा, त्या आरशाला हलायला जागा लागायची, म्हणून कॅननच्या १९८७ पासूनच्या ईएफ माउंटमध्ये लेन्स बसायची जागा सेन्सरपासून ४४ मिलिमीटरवर. आरसा गेल्यावर २०१८ च्या आरएफ माउंटमध्ये ते अंतर २० वर आलं. म्हणजे जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला लावायची तर मधे २४ मिलिमीटर भरून काढावे लागतात. त्यासाठी अ‍ॅडॅप्टर मिळतो. मी तो डोळ्याला लावून आरपार पाहिला. आत काच नाही, भिंग नाही. कडेनं चार सोनेरी ठिपके आणि मधे स्वच्छ हवा. हवेचे एवढे पैसे मी याआधी फक्त हिल स्टेशनला मोजले होते.

तरी नवी लेन्स हवी होती, आणि त्याचं कारण भावजींना किंवा मामेभावाला विचारायची गरज नव्हती. कारण होतं नणंदेच्या हॉलमधली ट्यूबलाइट. एफचा आकडा म्हणजे साधा भागाकार. फोकल लेंग्थ भागिले उजेड आत येण्याच्या वाटेचा व्यास. किट लेन्स ४५ वर ताणली की एफ ६.३, म्हणजे वाट जेमतेम सात मिलिमीटरची. पन्नासची एफ १.८ असेल तर ती अठ्ठावीस मिलिमीटर होते. उजेड बारापट. हे मी जेवताना घरात समजावून सांगितलं, तेव्हा नवरा म्हणाला, "मग तिथे अजून एक ट्यूब लावली तर?" उपाय अगदीच टाकाऊ नव्हता, पण त्याला तसं तोंडावर सांगायची आमच्यात पद्धत नाही.

पन्नास एफ १.८ ही जगभरच्या नवशिक्यांची लाडकी. स्वस्त, १६० ग्रॅमची, लाडाने तिला निफ्टी फिफ्टी म्हणतात. मी मैत्रिणीला फोनवर "निफ्टी फिफ्टी घ्यावी म्हणते" असं म्हणाले, तर शेजारी बसलेल्या सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. "आत्ता नको. बाजार वर आहे. एसआयपी कर."

विकत घेण्याऐवजी मी ती भाड्यानं आणली. पुण्यात लेन्स दिवसाच्या भाड्यानं मिळते, ही फार समजूतदार सोय आहे. नवऱ्याच्या बाबतीत असती तर मराठी कादंबरी निम्म्यानं कमी झाली असती. पर्समध्ये किट लेन्स ठेवली आणि कॅमेऱ्याला पन्नास लावून डोहाळजेवणाला गेले.

सुरुवात तर अशी झाली की मामेभावाला फोन करून क्षमा मागावी. भाची खिडकीजवळच्या खुर्चीत, अंगावर फुलांची वाडी. निशिगंधाचा कंबरपट्टा, मोगऱ्याचे बाजूबंद, बिंदीला एकच गुलाबाची कळी. मी चार फुटांवर उभी राहिले, अ‍ॅपर्चर १.८ वर ठेवलं आणि डोळ्यावर फोकस धरला. पडद्यावर पाहिलं तर पापण्यांचे केस मोजता येत होते, बाजूबंदावरचं पाणी दिसत होतं, आणि मागची शोकेस, तिच्यातला काचेचा ताजमहाल, नणंदेच्या सासूबाईंची औषधांची टोपली, सगळं विरघळून गेलं होतं. कानातल्या फुलांपर्यंत पोचता पोचता फोकस संपत होता. नणंद मागे सुपारी कातरत बसली होती, तिचा नुसता गुलाबी धूर झाला होता. फोन हातोहात फिरावा तसा कॅमेरा फिरला. "अगंबाई, सिनेमातल्यासारखं!" कोणीतरी म्हणालं. धूर झालेल्या नणंदेनं मात्र, "मी कुठाय?" असं विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली.

पेढा की बर्फी झालं. झाकलेल्या वाट्यांतून भाचीनं बर्फी उचलली, आणि मग नणंदेच्या सासूबाईंनी हुकूम सोडला, "आता सगळ्यांचा एक घे."

सगळे म्हणजे भिंतीच्या कडेनं बारा फूट माणसं. मी मागे सरकले. फ्रेममध्ये साडेतीन बायका. सोफ्याला वळसा घातला, अजून मागे. पाच बायका आणि एक खांदा. हॉलची लांबी सोळा फूट, ती डायनिंग टेबलापाशी संपली. "पायांनी झूम," मी स्वतःला बजावलं आणि चपलांचा स्टँड ओलांडून दाराबाहेर गेले. बाहेरचा पॅसेज सहा फूट. आता दाराच्या चौकटीतून आत पाहत होते. चौकटीच्या डावीकडे वीजमीटर, उजवीकडे "येथे थुंकू नये". तरी दोन्ही कडांच्या बायका येईनात. हिशेब नंतर केला: २२.३ चा सेन्सर, पन्नासची लेन्स, बारा फूट माणसं, म्हणजे सत्तावीस फूट मागे जायला हवं. मी बावीसवर होते आणि पाठीमागे लिफ्ट होती.

लिफ्ट उघडीच होती. आत गेले. चार फूट मिळाले, एकूण सव्वीस. "जरा आत सरका!" मी ओरडले. तिकडे बायका आत सरकल्या, "स्माइल" वगैरे झालं, मी श्वास रोखून शटर अर्धं दाबलं, आणि तेवढ्यात तळमजल्यावर कोणीतरी बटण दाबलं. दरवाजा मिटला आणि मी खाली गेले. वरून हसण्याचा आवाज तिसऱ्या मजल्यापासून पहिल्यापर्यंत ऐकू येत होता. खाली कोथिंबिरीची जुडी घेतलेले एक काका उभे होते. त्यांनी डोळ्याला कॅमेरा लावलेली बाई लिफ्टमध्ये पाहिली, अजिबात न दचकता आत आले, तिसऱ्याचं बटण दाबलं आणि म्हणाले, "लेन्स कुठली?"

ग्रुप फोटो शेवटी घरजावयानं काढला. १८ वर फक्त दहा फूट मागे जावं लागतं. सगळ्या मावल्या. पण एफ ४.५ ला शटर रेंगाळतं. लेन्समधलं स्टॅबिलायझर माझ्या हातांची थरथर सांभाळतं, लिफ्टवरून हसणाऱ्या बायकांना थांबवणं त्याच्या हातात नाही. शिवाय रुंद लेन्समध्ये कडेची माणसं ताणली जातात. कडेला बसल्या होत्या जाऊबाई. त्यांनी फोटो पाहिला, दोन बोटांनी मोठा केला, पुन्हा लहान केला आणि इतकंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी मधे बसेन."

मला विचाराल तर लेन्स निवडण्यावरचे जगातले बहुतेक सल्ले हे फोटोबद्दल असतात. मागे भिंत किती फुटांवर आहे, हे कोणी विचारत नाही. लेन्स मुळात तुम्ही कुठे उभं राहायचं ते ठरवते. वाघ, पक्षी, आकाशगंगा यांच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही, कारण त्यांच्याभोवती फ्लॅट नसतो.

घरी आल्यावर लेकानं एक शहाणपणाचं काम केलं. माझे आजवरचे सगळे फोटो लॅपटॉपवर घेऊन फोकल लेंग्थप्रमाणे लावले. प्रत्येक फोटोच्या पोटात तो आकडा लिहिलेला असतो. १८ ला ढीग होता, पण त्याला फार अर्थ नव्हता. ही लेन्स पिळून उघडली की १८ वरच थांबते, आणि मीही तिथेच थांबत होते. त्या फोटोंत छताचा पंखा, स्विचबोर्ड आणि अर्धा दरवाजा न चुकता होता. ४५ ला गॅलरीत बसणारी मांजर. खरे बरे फोटो, म्हणजे ज्यांत माणसं काहीतरी करताहेत असे, ते २८ च्या अवतीभवती गोळा झालेले. सासरे पेपर वाचताना, सासूबाई वाल सोलताना, नवरा न विचारता ट्यूब बदलताना.

२८ ला बारा फूट माणसांसाठी पंधरा फूट लागतात. नणंदेचा हॉल सोळा. पाठ डायनिंग टेबलाला टेकते, पण मी घरात राहते. कॅननची २८ एमएम एफ २.८ ही १२० ग्रॅमची चकती आहे, माझ्या पर्समध्ये छत्री आणि डब्याच्या मधे बसते, आणि ४.५ च्या मानानं अडीचपट उजेड घेते. मामेभावानं सिग्माची ३० एफ १.४ सुचवली. ती २०२४ नंतर या माउंटला मिळू लागली आहे, उजेड आणखी चौपट. सूचना चांगली होती. ब्रेसाँच्या ३१ च्याही जवळची. पण ती आली तर छत्री बाहेर राहते, आणि पुण्यात जूनमध्ये असा निर्णय घेता येत नाही.

दुकानदारानं चकती काउंटरवर ठेवली, तिच्यावर फिल्टर ठेवला, त्याच्यावर पुसायचं कापड, त्याच्यावर हवा मारायचा रबरी फुगा, आणि सगळ्याचं एकच बिल करायला घेतलं. मी चकती उचलली. ढीग अलगद खाली बसला.

बारशाला मी निर्धास्त होते. हॉल मोजलेला, टेबल सरकवायचं ठरलेलं, जाऊबाईंची जागा मधे धरलेली. आदल्या आठवड्यात नणंदेचा मेसेज आला की माणसं फार होताहेत, बारसं कार्यालयात ठेवलंय. गेले तर हॉल साठ फुटांचा, पाळणा टोकाच्या स्टेजवर, आणि स्टेजभोवती आत्या, काकू, मावश्यांचं असं कडं की पुढे जायला मुंगीलाही वाव नाही. माझ्या २८ मधून पाळणा वाटाण्याएवढा दिसत होता. शेवटच्या रांगेत भावजी खुर्ची टाकून बसले होते. समोर १५०-६०० स्टँडला लावलेली, एक डोळा मिटलेला, चेहऱ्यावर उजनीची पहाट.

"वहिनी, या, बघा," ते हळूच म्हणाले. मी पाहिलं. अख्ख्या फ्रेममध्ये बाळाची मूठ, टोपड्याची कड आणि पाळण्याची एक साखळी होती. "हलू नका हं. आता मान वळवेल."

जाऊबाई जिलबीची प्लेट घेऊन मागून आल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "बाळ आहे ते. उडून नाही जायचं. पुढे जाऊन काढा."