पैसे वसूल काका

देवबागच्या किनाऱ्यावर सकाळी सातला लाइफ जॅकेटचा पट्टा पोटावर पुरत नाही म्हणून होडीवाल्यालाच झापणारे जे गृहस्थ दिसतात, ते पैसे वसूल काका. पुण्याचे असतात, कोल्हापूरचे असतात, हल्ली बेळगावहूनही येतात. माणशी दराची घासाघीस आदल्या रात्रीच उरकलेली असते. ‘डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत ना?’ हे मात्र होडीत एक पाय टाकल्यावर विचारायचं.

होडी कर्ली खाडीच्या मुखातून बाहेर पडते, डावीकडे भोगव्याची वाळू सरकू लागते आणि काकांचं व्याख्यान सुरू होतं. ‘डॉल्फिन म्हणजे आपला राष्ट्रीय जलचर!’ तो मान गंगेतल्या डॉल्फिनचा. त्याचा या खाऱ्या पाण्याशी संबंध नाही. पण चकल्यांचा डबा काकांच्या मांडीवर असल्याने कोणी दुरुस्ती सुचवत नाही. इथला डॉल्फिन पाठीवर कुबड असलेला, करडा, साधारण आठ फुटी. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात मासळीमागे फिरणारा. बहुतेकदा तो पर आणि पाठ दाखवतो, श्वास घेतो आणि खाली जातो. काकांनी पैसे मोजलेत ते हॉटेलच्या फलकावरच्या, नाकावर चेंडू उडवणाऱ्या निळ्या डॉल्फिनचे.

‘तो बघा!’

जाळ्याचा थर्माकोल. दुसऱ्या आरोळीला पाणकावळा. एवढ्यात पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड पंजात मासा धरून थेट डोक्यावरून जातो, पण तो पॅकेजमध्ये नसल्याने काका मान वर करत नाहीत.

‘काकानू, खाली बसा. होडी कलांडता,’ तांडेल म्हणतो आणि इंजिन बंद करतो. चार होड्या चहूबाजूंनी अंगावर गेल्या की डॉल्फिन बुडी मारून लांब निघून जातात, हे त्याला ठाऊक असतं. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना वाघाच्याच पंक्तीला, पहिल्या परिशिष्टात बसवलंय. काकांना तेही चालतं. ‘अजून जवळ घ्या’ हे ते ताडोबात जिप्सीवाल्यालाही सांगून आलेले असतात.

आणि मग मागून ‘फुस्स!’ होतं. आई आणि पिल्लू, होडीपासून वीसेक फुटांवर. काकू दोन्ही डोळे भरून बघतात. काका तेव्हा समुद्राकडे पाठ करून सेल्फी काढत असतात. घाईघाईने घेतलेल्या व्हिडिओत नुसतं पाणी, त्यांचा अंगठा आणि ‘कुठंय, कुठंय?’

किनाऱ्यावर पुढची मंडळी विचारतात, ‘दिसले का हो?’

‘पंधरा तरी होते!’ काका सांगतात आणि तांडेलाकडे वळतात. ‘सिंधुदुर्ग किल्ल्याचं काय घ्याल?’

‘काकानू, ती होडी मालवणच्या जेटीवरसून सुटता.’

‘मग जेटीपर्यंत सोडायचं यातच धरा.’