तात्यांची जीप आणि कुंभार्लीचा घाट

वहिनी, जरा गडग्यापाशी या हो. कुकर लावलाय म्हणता, मग शिट्ट्या होईपर्यंत वेळ आहे की.

काल रात्री तात्यांची जीप पुन्हा टो करून आणली, पाहिलीत ना? मी आपली खिडकीतूनच बघत होते, म्हटलं रात्रीच्या वेळी आपण कशाला मध्ये पडा! निवृत्तीनंतर माणसं काशी-रामेश्वर करतात, तात्यांनी जुनी फोर बाय फोर घेतली. घेतली तर घेतली, हौसेला मोल नाही. पण आणल्यापासून त्या गाडीला काय काय चढवलंय बघितलंत ना? पुढे लोखंडी बंपर, त्यावर विंच, विंचवर दिव्यांची लांबच लांब पट्टी आणि जाळीच्या मधोमध आडनावाचा पितळी बोर्ड! गाडीला तोंड आहे की नाही, हे शोधावं लागतं.

काल पाच जण कोयनानगरला निघाले होते. कुंभार्लीच्या चढाला पुढे मालाचे ट्रक, त्यांच्या मागे ही जीप. एसी फुल्ल, काचा बंद, आत गाणी. तापमानाच्या काट्याकडे बघणार कोण? बॉनेटमधून वाफ आली तेव्हा सगळ्यांना जाग आली. मग तात्यांच्या भाच्याने काय करावं? तसाच रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. उकळतं पाणी मनगटावर आलं. चेहरा वाचला, हे नशीब. एवढं होऊनही कुणी थांबलं नाही, रस्त्याकडेच्या ओहोळाचं पाणी बाटल्यांत भरून तापलेल्या इंजिनावर ओतलं! आता तेल दुधाळ झालंय म्हणे. म्हणजे हेड गॅस्केट गेलं, पाणी तेलात उतरलं. त्यांच्या इंजिनात डोकं अ‍ॅल्युमिनियमचं आणि खालचा ब्लॉक बिडाचा. दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यात वरून गार पाणी. डोकं वाकणार नाहीतर तडकणार, तिसरं काय होणार?

मला कसं ठाऊक? अहो, आमच्या ह्यांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. जेवताना दुसरा विषय नसायचा. मी वॉटर पंप बघितला नसेल, पण त्याच्याबद्दल ऐकलंय इतकं की माहेरच्या माणसांबद्दलही तेवढं ऐकलेलं नाही.

आज सकाळपासून तात्यांच्या अंगणात जो येतो तो एकच म्हणतो, पाणी कमी पडलं असेल. ह्यांचं मत वेगळं. हे म्हणतात, गाडी तापली की सगळे पाणी बघतात, वारा कुणी बघत नाही. पाणी फक्त उष्णता वाहून रेडिएटरपर्यंत आणतं, तिथून ती बाहेर काढायची ती वाऱ्याने. साध्या मोटारीचं त्यातल्या त्यात बरं, ती हमरस्त्याला पळते, समोरून वारा आपोआप येतो. फोर बाय फोरचं काम नेमकं उलटं. लो रेंजला टाकली की इंजिन तीन हजारावर ओरडतंय आणि गाडी चालतेय माणसाच्या चालीने. समोरून वारा शून्य. सगळी मदार मागच्या पंख्यावर. आणि त्या पंख्याला वारा ओढायला तात्यांनी जागा कुठे ठेवलीय? विंच, दिवे, वर आडनाव!

त्यात पावसाळ्यात ही मंडळी चिखलात गाड्या घालायला गेली होती. आपली लाल माती तुम्हाला माहीत आहे, सुकली की सिमेंट. बाहेरून गाडी धुतली, चकाचक केली, फोटो काढले. पण रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो, त्या दोघांच्या मधल्या फटीत जो चिखल बसतो तो समोरून दिसतच नाही. ह्यांनी आज बॅटरी मारून दाखवला मला. अर्धी जाळी लिंपलेली! बरं, तो धुवायचाही इंजिनाच्या बाजूने बाहेर, साध्या नळीने. गॅरेजातली प्रेशरची बंदूक मारली की रेडिएटरच्या पात्यांची पत्री आडवी पडते आणि होता तेवढाही वारा बंद.

पंख्याचीही तीच कथा. पंख्याभोवती प्लास्टिकचं कडं असतं ना, श्राउड म्हणतात त्याला, ते तात्यांच्या मेकॅनिकने कधीतरी काढून ठेवलं. का, तर हात घालायला अडचण होते! ते कडं नसलं की पंखा रेडिएटरमधून वारा ओढण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच घुसळत बसतो. शिवाय तो पंखा व्हिस्कसवाला. त्याच्या क्लचमध्ये सिलिकॉनचं तेल असतं, इंजिन तापलं की ते पकड घेतं आणि पंखा जोरात फिरतो. तेल गळून गेलं की पंखा नुसता भिरभिरतो, फिरतोय असं दिसतं एवढंच. इंजिन गरम असताना बंद करून पंखा हाताने फिरवून बघायचा, सैल भिरभिरला तर क्लच गेला समजायचं. आता हे तात्यांना सांगायला गेलं तर ते कुठलातरी व्हिडिओ काढून दाखवणार.

पंख्यावरून आठवलं. २०२१च्या जुलैत वाशिष्ठीला पूर येऊन पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा खालच्या आळीतल्या एकाने शौर्य दाखवायला जीप पाण्यात घातली होती. फोर बाय फोर आहे म्हणजे होडी आहे असा समज. फिरत्या पंख्याची पाती पाण्यात गेली की पुढे वाकतात, तशी ती वाकली आणि रेडिएटर फाडून मोकळी झाली. खोल पाण्यात घालायचीच असेल तर जुने लोक आधी पंख्याचा पट्टा काढायचे. हे म्हणतात, त्यापेक्षा पाण्यात घालू नये.

थर्मोस्टॅटचं तर विचारूच नका. मे महिन्यात गाडी तापायला लागली, तर मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढूनच टाकला. आपल्याकडे हा रामबाण समजतात. त्या वॉल्ववर अंश कोरलेले असतात, बहुतेकांवर ८२च्या आसपास. तेवढं पाणी तापलं की तो उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो. तो काढला तर सपाटीवर इंजिन गारच राहतं, डिझेल जास्त खातं आणि चढावर तापायचं ते तापतंच. काही इंजिनांत तर तोच वॉल्व पाण्याची आडवाट बंद करत असतो. तो नसला की गरम पाणी रेडिएटरला न जाता तसंच परत इंजिनात फिरतं. हे सांगताना आमच्या ह्यांचा आवाज चढतो, मी मग ताक आणून देते.

झाकण मात्र बघायला हवं होतं, ते मी स्वतः तात्यांच्या घरी सांगितलंय. तुमचा कुकर आहे ना वहिनी, तसंच ते काम. दाब धरला की पाणी शंभराला उकळत नाही, आणखी वीसेक अंश दम धरतं. झाकणावर ०.९, १.१ असे आकडे असतात, तो हा दाब. आतलं रबर कडक झालं की दाब निघून जातो आणि घाटात पाणी लवकर उकळतं. चिल्लर खर्चाचं काम, पण लक्ष जातं ते दिव्यांच्या पट्टीकडे. आणि कूलंट म्हणून काय घातलंय? तात्यांचे मेहुणे देशावरून येताना बोअरचं पाणी घालून आले होते. त्या पाण्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं निम्मं, एवढं सोपं आहे. हिरवा आणि लाल उगाच एकात एक मिसळू नयेत.

चढावर काय करायला हवं होतं? काटा वर सरकायला लागला तेव्हाच एसी बंद आणि हिटर फुल्ल! आज तात्यांच्या जावयांना हे सांगितलं तर हसले. अहो, हिटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच. आतले घामाघूम होतील, पण इंजिनाची तेवढी उष्णता बाहेर निघेल. मग गिअर एक खाली, म्हणजे इंजिनावर ताण कमी पडतो आणि पंप-पंखा जोरात फिरतात. तरी उतरला नाही काटा, तर बाजूला घ्यायची. वाफ नसेल आणि पाणी असेल तर इंजिन चालूच ठेवायचं, बॉनेट उघडून. वाफ आली किंवा पाणी गळायला लागलं की लगेच बंद. आणि काटा लालावरून एकदम खाली आला तर खूश व्हायचं नाही, पाणी संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि खोटं सांगतो. झाकणाला हात अर्धा-पाऊण तासाने, तोही जाड फडक्याने.

काय म्हणता, फोर बाय फोरचा लिव्हर? हो, तेही केलं होतं! घाट आहे म्हणून डांबरावर चारही चाकं लावली. ह्या गाड्यांत मधे डिफरन्शियल नसतं, कोरड्या रस्त्यावर वळणात पुढची-मागची चाकं एकमेकांना ओढतात. स्टिअरिंग जड, टायर घासतात, इंजिनावर फुकटचा भार. सुक्या डांबरावर साधी टू व्हीलच ठेवायची असते.

आता पुढे काय? डोकं काढून घासायला पाठवणार, महिनाभर गाडी उभी. त्या बंपरचंही एकदा बोला हो तुम्ही. डिसेंबर २०१७मध्ये केंद्राने राज्यांना असल्या गार्डांवर कारवाई करायला कळवलंय, पोलिसाने हात दाखवला तर पावती तात्यांच्याच नावाने फाटेल. माझं ते ऐकायचे नाहीत, आमच्या ह्यांचंही नाहीत. तुमचं वजन आहे त्या घरात. गॅरेजमधून गाडी आली की आधी विंच आणि तो पितळी बोर्ड काढायला लावा, श्राउड परत बसवायला लावा आणि आमच्याकडची नळी घेऊन जा म्हणावं.