धरून चाला, धरून बसू नका

ऑगस्ट 1942 मध्ये ब्रिटिशांनी नेहरू, पटेल, आझाद यांना धरून अहमदनगरच्या, म्हणजे आमच्या नगरच्या, भुईकोट किल्ल्यात ठेवले. म्हणजे सरकारने त्यांना तिथे 'पुट अप' केले आणि त्यांना ते 'पुट अप विथ' करावे लागले. एका 'विथ'ने मुक्कामाचे सोसणे झाले. ठेवणे, वर आणि सोबत या तिघांच्या बेरजेतून सोसणे कसे निघते, हे नेहमीचा शब्दकोश सांगत नाही. तो नुसता अर्थ हातावर ठेवतो. म्हणून आपली मुले असली क्रियापदे पाढ्यांसारखी घोकतात आणि इंग्रजी ही लहरी भाषा आहे असा निकाल देतात. मला हा निकाल मान्य नाही. त्याच किल्ल्यात नेहरूंनी 1944 साली 'द डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहून काढले. आता 'लिहून काढले' म्हणजे कुठून काढले?

नगरच्याच माळीवाडा बसस्थानकावर फाटकी नोट पुढे करत कोणी 'चालवून घ्या' म्हणाला, तर नोटेला पाय नाहीत अशी तक्रार कोणी करत नाही. सोसण्याला यापेक्षा नेमका मराठी शब्द नाही, आणि तो 'पुट अप विथ'चा सख्खा भाऊ आहे. आईने 'पोळी खाऊन टाक' म्हटले की पोळी पोटात जाते, उकिरड्यावर नाही. यावर व्याकरणवाले म्हणतील की आमच्याकडे नियम आहे: 'टाक' आले की काम संपले, 'बस' आले की पस्तावा आला, बोलून टाकणारा मोकळा होतो, बोलून बसणारा अडकतो. कबूल. पण इंग्रजांचा 'अप'ही पुष्कळदा हेच करतो. 'ईट अप' म्हणजे 'खाऊन टाक', वर बघत जेवायचे नाही.

राहिला आक्षेप एवढाच की, इंग्रजीत शेपूट बदलले की अर्थ पार पालटतो. मग आपल्या 'धरून'कडे बघा. धरून ठेवणे हे हाताचे काम, धरून बसणे हे हट्टाचे, आणि धरून चालणे यात तर ना हात ना पाय, नुसता अंदाज! नगरच्या पोराला हे तिन्ही शाळेत जाण्याआधीच येतात. त्या अंदाजासाठी इंग्रजांना मात्र एकच साधे क्रियापद पुरते, 'अझ्यूम', आणि त्याला शेपूटही नाही.