पारा पाण्याचा आणि मालकाचा

घरात खाऱ्या पाण्याची लहानशी टाकी आली की माणसांच्या तब्येतीची चौकशी आपोआप कमी होते. मुलाला कणकण आली तर 'गोळी घे आणि झोप' एवढ्यावर भागतं. टाकीतलं पाणी अर्धा अंश चढलं तर मात्र रात्री दोन वाजता दिवाणखान्यात बॅटऱ्या चमकतात. टाकी असते पन्नासेक लिटरची, आत दोन क्लाऊनफिश, चार दगड आणि मूठभर वाळू. पुस्तकं सांगतात की पाणी 24 ते 27 अंशांत ठेवा. मालक त्यातला बरोबर मधला साडेपंचवीस धरतो आणि त्या पॉइंट पाचसाठी घरच्यांशी वाकडं घेतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की लहान टाकीत आकडा कोणता याला जेवढं महत्त्व आहे, त्याहून जास्त तो किती वेगाने हलतो याला आहे. आणि तो वेगाने हलवण्याचं काम उन्हाळ्यापेक्षा मालकाचा हातच अधिक उत्साहाने करतो.

आधी टाकीची बाजू समजून घेऊ. नवशिक्याला हमखास सल्ला मिळतो : 'लहान टाकीने सुरुवात करा, झेपेल.' पैशाच्या दृष्टीने तो ठीक असेल, पण उष्णतेच्या हिशेबात साफ उलटा आहे. टाकीची लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दुप्पट केली तर पाणी आठपट होतं, पण उष्णता आत-बाहेर करणारा पृष्ठभाग चौपटच वाढतो. म्हणजे 400 लिटरच्या टाकीला खोलीच्या उकाड्याची दखल घ्यायला 50 लिटरच्या टाकीच्या सुमारे दुप्पट वेळ लागतो. मोठी टाकी दुपार कशीबशी पचवते तोवर संध्याकाळ होते. लहान टाकीला तेवढी सवड नसते. पण याच सूत्राची दुसरी बाजू मालक विसरतो : जी टाकी खोलीचं पटकन ऐकते, ती मालकाचंही पटकन ऐकते. इथेच घात होतो.

पहिला उपाय अर्थातच बर्फाच्या बाटलीचा. पारा 29 दिसला की फ्रीझरमधली लिटरभराची गोठलेली बाटली टाकीत सोडायची. एक किलो बर्फ वितळताना 334 किलोज्यूल उष्णता ओढतो, शिवाय त्याचं पाणी तापताना आणखी शंभरेक. पन्नास लिटरच्या टाकीत याचा अर्थ दोन अंशांची घसरण. दिवसभरात हळूहळू चढलेलं पाणी तासाभरात खाली येतं, बाटली काढली की पुन्हा चढतं, आणि मालक पुढची बाटली गोठवायला ठेवतो. मासा मात्र त्या दिवशी महाबळेश्वर-चिपळूण अशा दोन खेपा करून आलेला असतो. हीटरची गोष्ट याहून सरळ. मुंबईत त्याचं काम फारसं पडत नाही, पण पुण्या-नाशिकच्या जानेवारीत लागतो. दुकानात गेलं की 'जरा मोठाच घ्या' या न्यायाने 100 वॅटचा येतो. हीटर बिघडतात ते बऱ्याचदा चालू अवस्थेतच, कारण आतल्या स्विचचे संपर्क चिकटून बसतात. 100 वॅटचा हीटर असा अडकला तर 50 लिटर पाणी सुरुवातीला तासाला पावणेदोन अंशांच्या आसपास चढतं. सकाळी ते माणसाच्या अंघोळीला चालेल इतकं कोमट झालेलं असतं. त्याऐवजी 25 वॅटचे दोन लावले आणि त्यातला एक अडकला, तर नुकसान करायलाही त्याला फारसं बळ नसतं. लहान टाकीत दुबळी यंत्रं हाच खरा विमा.

मग गार कसं करायचं? उत्तर माठाने कधीच देऊन ठेवलं आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारा छोटा पंखा लावा. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना सुमारे 2,430 किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. दिवसाला एक लिटर उडालं तर सरासरी 28 वॅट उष्णता चोवीस तास बाहेर पडत राहते. लहान टाकीचा पंप आणि दिवा मिळून जे तापवतात, त्यातला बराचसा भाग यातच फिटतो. पण माठालाही मर्यादा असतात आणि त्या गावानुसार बदलतात. मे महिन्यात नागपुरात हवा 43 अंश आणि आर्द्रता 20 टक्के धरली, तर वाऱ्यात धरलेलं ओलं फडकं 25 अंशांच्या आसपास उतरू शकतं. मुंबईत 33 अंश आणि 70 टक्के धरली तर तेच फडकं 28च्या वरच अडकतं, आणि टाकीतलं पाणी तर त्याहूनही थोडं वरच राहतं. घामाने निथळणाऱ्या मुंबईकराला हे गणित शिकवावं लागत नाही, तो ते अंगावर बाळगूनच हिंडत असतो. म्हणून मुंबईच्या टाकीने साडेपंचविसाचा हट्ट सोडावा आणि 28च्या थोडं वर स्थिर राहण्याची कला शिकावी. क्लाऊनफिश उष्ण कटिबंधातला आहे. त्याला एवढं तापमान म्हणजे थर्मामीटर पाहीपर्यंत साधा मंगळवार. यात एक पथ्य मात्र कडक आहे. वाफ होतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. काचेवर चिकटपट्टीची खूण करून रोज तेवढंच गोडं, शक्यतो आरओचं पाणी भरायचं. 'खाऱ्या टाकीत खारंच घालायचं ना?' या वरवर बिनतोड तर्काने रोज एक लिटर समुद्रपाणी घातलं, तर लिटरमागे 35 ग्रॅम असलेलं मीठ आठवड्यात जवळपास 40वर जातं.

यावर पहिला आक्षेप येतो की घरात एसी असताना हे पंखापुराण कशाला. 1 जानेवारी 2020 पासून घरगुती एसी 24 अंशांच्या मूळ सेटिंगवरच येतात, म्हणजे माशांची बाजू सरकारनेच उचलून धरली आहे! अडचण अशी की मध्यमवर्गीय एसी रात्री दहाला लागतो आणि सकाळी सहाला बंद होतो. बेडरूममधली लहान टाकी मग रात्रभर खाली आणि दिवसभर वर अशी झोका घेत राहते. हॉलमधली बिनएसीची टाकी जास्त गरम असते, पण जास्त शांतही असते. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा : समुद्रसुद्धा बदलतोच ना, ओहोटीच्या उथळ पाण्यात दुपारी पारा चांगलाच चढतो. खरं आहे. पण तिथल्या माशाला खोल पाण्याकडे सटकता येतं. आपल्या टाकीची खोली 32 सेंटिमीटर. सटकून सटकून तो दगडामागे जाईल. तिसरा प्रश्न प्रवाळांचा. उष्णतेने त्यांच्यातलं सहजीवी शैवाल निघून जातं आणि ते पांढरे पडतात, म्हणून परदेशी पुस्तकं अर्ध्या अर्ध्या अंशावर भांडतात. आपल्याकडे प्रवाळ 2001 साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले. कायद्याने आपली निम्मी काळजी परस्पर मिटवली आहे, तर उरलेली उसनी कशाला आणायची?

'मग काय, पाणी उकळू द्यायचं?' असं विचारणारेही असतात. मुळीच नाही. 25 अंशांना समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 6.7 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना 6.2, आणि नेमकी त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. त्यामुळे तिशीला हालचाल करावीच, पण क्रमाने. आधी पंपाचं तोंड वर वळवून पृष्ठभाग खळबळता ठेवावा. खाणं कमी करावं. दिव्याचे तास दुपारऐवजी रात्री न्यावेत. माशांना रात्रपाळी लागली तर ते युनियन करत नाहीत. पंखा तर चालू असेलच. एवढ्यानेही भागलं नाही तर चिलर घ्यावा, पण तो टाकीतली उष्णता आणि स्वतःची वीज दोन्ही त्याच खोलीत ओकतो, हे लक्षात ठेवून. मासे गार आणि माणसं घामाघूम, असा न्याय घरात किती दिवस टिकेल हे ज्याचं त्याने ठरवावं.

एकूण बेरीज अशी की चांगल्या तापमानासाठी लागतात एक छोटा पंखा, दोन दुबळे हीटर, एक चिकटपट्टी आणि तांब्याभर गोडं पाणी. यातली एकही वस्तू मित्रांना अभिमानाने दाखवण्यासारखी नाही, म्हणूनच बहुधा लोक ती घेण्याऐवजी बर्फ घेऊन धावतात. काही न करता बसणं हा या छंदातला सगळ्यात अवघड भाग आहे. तेवढं ज्याला जमत नाही, त्याने टाकीची काच पुसावी. बाहेरून.